वावरात कोणी आहे का

दादा सुटीवर आला त्या दिवशी
मी तणखेडच्या शिवारात तुरीवर फवारणी करत होते.
बचत गटाचा ड्रोन, दहा लिटरची टाकी,
पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, गळ्यात ओळखपत्र,
आणि धुऱ्यावर तमाशा बघायला जमलेली पोरं.

सहा पंखे फिरले, आवाज उठला,
तसा दादा बाभळीखाली गेला
आणि खोडाला पाठ लावून उभा राहिला,
ऊन नव्हतं तरी.
पोरं हसली.

फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागला होता : वीरपुत्र नाईक देविदास उईके.
फोटोत हातात बंदूक, कुणीतरी कॉम्प्युटरवर जोडलेली.
त्याने दोन वर्षांत बंदूक धरली नव्हती.

रात्री अंगणात खाट टाकली.
पहिलाच प्रश्न त्याचा :
"उडवाच्या आधी वावरात कोन हाये, पाह्यतं का?"
"पाह्यतो ना. नियमच हाये."
"कसं पाह्यतं?"
"स्क्रीनवर."
मग बराच वेळ तो रवंथ करणाऱ्या म्हशीकडे बघत राहिला.

नंतर सांगितलं. जागेचं नाव नाही, साल नाही,
त्याच्यासोबत घरी येतं ते असंच, अर्धं.
लोखंडी खोली, थंडगार, दिवस-रात्र एकच.
पडद्यावर गरम ते पांढरं, थंड ते काळं.
बकरी पांढरी, चूल पांढरी, माणूस पांढरा,
माणसाला तोंड नाही.

पहाटे साडेचारला एक जण घराबाहेर निघाला,
हातात काळं काहीतरी.
रस्त्याच्या कडेला गेला, इकडेतिकडे बघितलं, खाली बसला.
खोलीत सगळ्यांचं एकच मत : सुरुंग पुरतोय.
मेजरसाहेबांनी विचारलं, उईके, पक्का?
बोट दुसऱ्या कुणाचं होतं.
शब्द दादाचा पाहिजे होता.

इथे दादा हसला, खरंच हसला.
"अकरा सेकंद गेले, घड्याळ समोरच होतं.
मंग म्हनलं, साहेब, डबा हाये त्याच्या हातात,
थंड पान्याचा.
परसाकडे बसला हाये थो."

त्या खोलीत सगळे मोठ्या कॉलेजांतले,
ज्यांच्या घरात संडास बेडरूमला लागून.
ते बसणं माझ्या भावाने ओळखलं,
गोदरीच्या वाटेवर लहानपणी
रोज बघितलेलं आणि न बघितल्यासारखं केलेलं,
रस्त्याकडे पाठ वळवलेलं बसणं.
शंका आली तर थांबा, असं पुस्तकात लिहिलेलं आहे म्हणे.
शंका कुठून आणायची, ते नाही.

माणूस उठला, डबा झटकला, घरी गेला.
दारात शिरताना वाकला. दार बुटकं असणार.
"त्याचं नावबी माहीत नाही मले.
पन त्याच्या टाइमाले रोज जाग येते."

आई आतून म्हणाली,
"चांगलंच केलं ना बाप्पा तू. मंग झोपत काहून नाही?"

दादाने खाटेची नवार ओढून बघितली.
सैल होती. एक गाठ सोडली, पुन्हा मारली.
"हे एकाचं झालं," म्हणाला.

दुसऱ्याचं आम्ही विचारलं नाही.
म्हैस उठली, पुन्हा बसली.

तो परत गेला. फ्लेक्स वाऱ्याने फाटला,
त्याचा अर्धा भाग आता कुणाच्या तरी कुटाराच्या ढिगावर आहे,
बंदुकीकडचा.
तुरीला फुलोरा आला, मग अळी आली.

आता उडवायच्या आधी मी पडदा बघते,
मग पडदा खाली ठेवते,
धुऱ्याने चालत जाते, चपलेत गोखरू,
आणि ओरडते : वावरात कोनी हाये का?
एकदा. दोनदा.
गटातल्या बाया म्हणतात, झालं इचं सुरू.

काल तिसऱ्या हाकेला
तुरीच्या दाट ओळीतून गिरजाबाईचा आवाज आला,
पडद्यावर कुठेच न दिसलेल्या गिरजाबाईचा :
"हावो व माय! थांब जराक,
बसली हावो."

मी पाठ वळवली.
बॅटरी एक्केचाळीसवर होती, मग चाळीसवर.